एचडीएल ३४ आणि साखर ११२: 'चांगलं' कोलेस्टेरॉल मधुमेहाबद्दल काय सांगतं?

कळण्याची भाकर (धागाकर्ता)

लॅबच्या रिपोर्टवर एलडीएलपुढे, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलपुढे, बाण नसला की घर निर्धास्त होतं. एचडीएलपुढे, म्हणजे 'चांगल्या' कोलेस्टेरॉलपुढे, खाली तोंड केलेला बाण असतो, पण 'ते तर सगळ्यांचंच कमी येतं' म्हणून तो कुणी मनावर घेत नाही. सगळ्यांचंच कमी येतं हे खोटं नाही. आयसीएमआर-इंडिॲब या मधुमेहाच्या पाहणीत (तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड, चंडीगड, २०१४ साली प्रसिद्ध) ७२.३ टक्के लोकांचं एचडीएल कमी निघालं, एलडीएल वाढलेले मात्र फक्त ११.८ टक्के. म्हणजे आपल्याकडे बिघाड एलडीएलच्या नाही, दुसऱ्याच रकान्यांत सुरू होतो आणि आपण नेमके तेच वाचत नाही.

बोलायला सोपं जावं म्हणून एक नमुना रिपोर्ट घेऊ. पुरुष, वय ४२, कंबर ९७ सेंमी. एचबीए१सी टक्क्यांत, बाकी आकडे एका डेसिलिटर रक्तामागे मिलिग्रॅममध्ये.

उपाशीपोटी साखर ११२
एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज) ६.१
एकूण कोलेस्टेरॉल १७८
ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३६
एचडीएल ३४
एलडीएल ९७

'कोलेस्टेरॉल नॉर्मल, साखर जरा काठावर' असं सांगून हा कागद फाइलीत जातो. खरं तर यात चयापचय विकाराच्या (मेटाबॉलिक सिंड्रोम) पाचपैकी चार खुणा आहेत: कंबर ९० च्या वर (बायकांसाठी ८०), ट्रायग्लिसराइड १५० च्या वर, एचडीएल ४० च्या खाली (बायकांसाठी ५०), साखर १०० च्या वर. पाचवी खूण रक्तदाबाची, १३०/८५. निदानाला तीन पुरतात. शिवाय ट्रायग्लिसराइडला एचडीएलने भागा: २३६ भागिले ३४, म्हणजे ६.९. हा आकडा ३ ते ३.५ च्या पुढे गेला की इन्सुलिनला शरीर दाद देत नाहीये असं समजायला जागा असते. ही निदानाची चाचणी नव्हे, पण फुकट आहे आणि रिपोर्ट हातातच असतो.

आता हे दोन आकडे उलटसुलट का हलतात ते. आपल्या खानदेशातलीच उपमा घेतो. एचडीएल म्हणजे शेतातून कापूस भरून जिनिंगला नेणारी बैलगाडी. शेत म्हणजे पेशी, कापूस म्हणजे जादा कोलेस्टेरॉल, जिनिंग म्हणजे यकृत. इन्सुलिनचा प्रभाव ओसरला की पोटातली चरबी अनावर विरघळते, तिची आम्लं यकृतात पोचतात आणि यकृत ट्रायग्लिसराइडने ठासून भरलेल्या ट्रॉल्या, म्हणजे व्हीएलडीएल, रक्तात सोडत सुटतं. रस्त्यात सीईटीपी नावाचा दलाल उभा असतो. तो बैलगाडीतला कापूस ट्रॉलीत टाकतो आणि ट्रॉलीतलं ट्रायग्लिसराइड बैलगाडीत. अशी फुगलेली बैलगाडी यकृताच्या लायपेज विकरासमोर आली की ते आतला माल उपसून घेतं, गाडी लहान होते, तिचा सांगाडा (अ‍ॅपो-ए१ हे प्रथिन) सुटतो आणि मूत्रपिंडातून बाद होतो. ट्रॉल्या जितक्या जास्त, बैलगाड्या तितक्या कमी. म्हणून साखर १२६ ही मधुमेहाची रेषा ओलांडायच्या कितीतरी आधी ही जोडी बिघडलेली दिसते.

ही झाली साखरेकडून एचडीएलकडे जाणारी वाट. उलट दिशेनेही थोडी वाट आहे. स्वादुपिंडाच्या बीटा पेशीत कोलेस्टेरॉल साचलं की इन्सुलिन बाहेर टाकायचं काम मंदावतं. ते बाहेर काढणारा एबीसीए१ हा दरवाजा माल अ‍ॅपो-ए१ च्याच हाती देतो. अ‍ॅपो-ए१ स्नायूंत एएमपीके नावाचं बटण दाबतं आणि स्नायू साखर उचलतात. मेलबर्नच्या संशोधकांनी २००९ साली मधुमेहाच्या १३ रुग्णांना तयार केलेलं एचडीएल शिरेतून चार तास दिलं (किलोमागे ८० मिलिग्रॅम), तेव्हा इन्सुलिन वाढलं आणि साखर खोट्या औषधापेक्षा (प्लासिबो) जास्त उतरली.

---

गिरणाकाठ

मंग भाऊ, एचडीएलनी गोयी लेवानी का नई?

---

तुराटी

गिरणाकाठ, नाही, एचडीएलची गोळी घ्यायची नाही. धागाकर्त्याने १३ माणसांवर लेख संपवला, म्हणून पुढचं मी लिहितो. एचडीएल वाढवायच्या गोळ्यांचा इतिहास वाचला तर हा आकडा खेचून वर न्यायचा मोह राहणार नाही.

टॉर्सेट्रॅपिब: वर सांगितलेला सीईटीपी दलालच बंद करणारी गोळी. १५,०६७ रुग्ण, एचडीएल ७२ टक्क्यांनी वर, एलडीएल २५ टक्क्यांनी खाली. कागदावर सोनं. डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली, कारण गोळी घेणाऱ्यांत मृत्यू ५८ टक्क्यांनी जास्त होते. या गोळीने रक्तदाब आणि अल्डोस्टेरॉन (शरीरात मीठ धरून ठेवणारं संप्रेरक) वाढत होतं. गंमत अशी की त्यातल्या मधुमेहींची साखर थोडी सुधारली होती: तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.२९ च्या जागी ७.०६. पाव टक्क्याहून कमी फायदा, आणि किंमत ही.

नायसिन (ब३ जीवनसत्त्वाचा मोठा डोस): याने एचडीएल वाढतं आणि साखरही वाढते! २०१४ साली २५,६७३ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. हृदयाला फायदा शून्य, नवा मधुमेह सुमारे ३२ टक्क्यांनी जास्त, आधीच मधुमेह असलेल्यांची साखर बेताल. 'एचडीएल वाढलं की साखर उतरते' हा नियम असता तर असं झालं नसतं.

अ‍ॅनासेट्रॅपिब (तोच सीईटीपी दलाल बंद करणारी दुसरी गोळी; २०१७, ३०,४४९ रुग्ण): एचडीएल दुप्पट होऊन हृदयाचे झटके-त्रास फक्त ९ टक्क्यांनी घटले, आणि तेवढा हिशेब बाकीचं कोलेस्टेरॉल उतरल्यानेच लागतो. मधुमेहाच्या नव्या केसेस किंचित कमी झाल्या, हे धागाकर्त्याच्या बाजूने मान्य.

आणि जनुकांमुळे जन्मभर एचडीएल कमी असलेल्यांना मधुमेह जास्त होतो का, हे कोपनहेगनमध्ये तपासलं गेलं (२०१५). नाही होत. उत्तर इटलीतल्या लिमोने गावात अ‍ॅपो-ए१ चं 'मिलानो' रूप असलेली कुटुंबं आहेत; एचडीएल अगदी तळाला, तरी रक्तवाहिन्या ठणठणीत. एचडीएल हा गाडीच्या डॅशबोर्डवरचा काटा आहे. काटा बोटाने वर ढकलून टाकीत डिझेल भरत नाही.

---

कळण्याची भाकर

तुराटी, काट्याची उपमा मान्य, पण एक दुरुस्ती. रिपोर्टमधला ३४ म्हणजे बैलगाड्या किती किंवा किती वेगाने धावतात हे नव्हे. सगळ्या गाड्यांत मिळून कापूस किती, एवढंच. साखर दीर्घकाळ वर असली की अ‍ॅपो-ए१ ला साखर चिकटते आणि गाडीची ओढायची ताकद घटते. त्यामुळे एचडीएल ५२ आणि एचबीए१सी ९.५ असेल तर त्या ५२ वर विसंबू नये. ओढायची ताकद मोजणारी तपासणी संशोधनात आहे, जळगाव-धुळ्याच्या लॅबमध्ये मागून मिळणार नाही.

उलट टोकालाही गंमत नाही. डेन्मार्कमध्येच एचडीएल ११६ च्या पुढे असलेल्या पुरुषांत मृत्युदर जास्त आढळला. 'जितकं जास्त तितकं चांगलं' हेही खरं नाही.

---

लॅब टेबल

रिपोर्टाबद्दल चार गोष्टी, कारण निम्मे गोंधळ इथेच होतात.

नमुन्यातलं एलडीएल ९७ हे मोजलेलं नाही, काढलेलं आहे: १७८ वजा ३४ वजा (२३६ भागिले ५). ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र चालत नाही, आणि २०० च्या वर असतानाही ते एलडीएल थोडं कमीच दाखवतं. म्हणून अशा रिपोर्टात नॉन-एचडीएल, म्हणजे एचडीएल सोडून बाकीचं सगळं कोलेस्टेरॉल, बघा: १७८ वजा ३४ = १४४. मधुमेहीने हे १३० च्या खाली ठेवायचं, हृदयविकार असेल तर १०० च्या खाली. या माणसाला अजून मधुमेह नाही, पण १४४ बघून 'कोलेस्टेरॉल नॉर्मल' हे म्हणणं टिकत नाही.

रक्त देताना ९ ते १२ तास उपाशी, साधं पाणी चालतं. जेवून दिलं तर एचडीएल फारसं हलत नाही, पण ट्रायग्लिसराइड वाढतं आणि वरचा भागाकार फसतो. आदल्या रात्री लग्नाचं जेवण, दारू किंवा आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) आमरस-पुरणपोळी झाली असेल तर दोन-तीन दिवस थांबा. १६-१६ तास उपाशी राहून येणारेही असतात, त्याने काही साधत नाही.

डेंग्यू, मलेरिया, न्यूमोनिया, ऑपरेशन यानंतर एचडीएल झपकन पडतं. सहा ते आठ आठवडे जाऊ द्या.

आणि तुलना एकाच लॅबची करा, जमल्यास एकाच हंगामाची. कापूस वेचणीत दिवसभर राबणारं शरीर आणि मे महिन्यात ४४ अंशांत घरात बसलेलं शरीर एकसारखा रिपोर्ट देत नाही.

---

सातपुड्याकडून

लॅब टेबल यांच्या यादीत नंदुरबार, शिरपूर, चोपडा पट्ट्यासाठी भर. आपल्या आदिवासी पाड्यांत सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. सिकलसेलचा आजार असेल तर लाल पेशी लवकर मरतात, त्यांच्यावर साखर चढायला वेळच मिळत नाही आणि एचबीए१सी खोटं कमी येतं. नुसता वाहक असेल तर लॅबच्या पद्धतीवर अवलंबून. उलट लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग असलेल्या बाईचं एचबीए१सी खोटं जास्त दिसू शकतं. रक्त चढवल्यावर तीन महिने तर हा आकडा बघूच नये.

अशा ठिकाणी उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर धरा, गरज पडली तर फ्रुक्टोसामीन (ते मागच्या दोन-तीन आठवड्यांचं सांगतं). सिकलसेलच्या तपासणीचं कार्ड असेल तर साखरेच्या तपासणीला जाताना सोबत न्यावं. एचबीए१सी ५.२ आणि जेवणानंतरची साखर २१० अशी जोडी दिसली की आधी हेच विचारा.

---

मेहरूणची बोर

गोळ्या, लॅब झालं. ताटाबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते.

एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त, ही जोडी तेलापेक्षा पिठाची जास्त आहे. 'कोलेस्टेरॉल आहे' म्हणून लोक तूप-शेंगदाणे बंद करतात आणि पोट भरायला दोन पोळ्या वाढवतात. तेल-तूप काढून त्या जागी पीठ आणि साखर भरली की ट्रायग्लिसराइड चढतं आणि एचडीएल आणखी उतरतं. नेमकं उलट होतं.

वरण-बट्टी घ्या. १०० ग्रॅम गव्हाच्या जाडसर पिठात साधारण ७० ग्रॅम पिष्ट, वर तळलेली किंवा तुपात बुडवलेली, सोबत वरण, वर परत भात. पिष्टाचा एवढा लोंढा आणि चरबी एकाच वेळी आली की जादा पिष्टातून यकृत ट्रायग्लिसराइड घडवतं. बट्टी बंद करा म्हणत नाही. ज्या दिवशी बट्टी त्या दिवशी भात नाही, बट्टी न तळता नुसती भाजलेली, वरण दोन वाट्या घट्ट आणि वांग्याची भाजी बट्टीच्या दुप्पट.

शेवभाजीत पीठ बेसनाचं, ते ठीक. पण ५० ग्रॅम शेवेत पावणेतीनशे कॅलरी, आणि वर लाल तर्रीचा थर. हॉटेलात ताट आलं की मिनिटभर थांबा, तर्री वर येऊ द्या, तीन-चार चमचे वाटीत काढून ठेवा. एका चमच्यात (५ मिलि) ४० कॅलरी. घरी हिशेब सोपा: माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल, चौघांच्या घराला दोन लिटर. शेंगदाण्याचं तेल चांगलंच आहे, फक्त भजी तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. डालडा मात्र दुहेरी वाईट: त्यातला ट्रान्स फॅट एलडीएल वाढवतो आणि एचडीएल पाडतो. जानेवारी २०२२ पासून कायद्याने तेला-तुपातला ट्रान्स फॅट २ टक्क्यांवर बांधला आहे, तरी सुट्या नानकटाईच्या पुड्यावर कोण लिहितंय!

आपल्याकडे सोय मात्र घरातच आहे. कळणा: चार भाग ज्वारीला एक भाग अख्खे सालासकट उडीद, दळतानाच मीठ. प्रमाण घरोघरी बदलतं, पण उडीद वाढला की प्रथिनं आणि तंतू वाढतात आणि नुसत्या ज्वारीपेक्षा साखर सावकाश चढते. मधुमेहासाठी तीनास एक करा; भाकर थोडी चिरते, म्हणून पीठ गरम पाण्यात मळा. एक भाकर ६० ग्रॅम पिठाची असते, घरच्या काट्यावर एकदा मोजून बघा. पुष्कळ घरांत ती ९० ची निघते. दोन खाल्ल्या असं वाटतं, पोटात तीन गेलेल्या असतात. सोबत भरीत, कांद्याची पात, मुळा. भरितात शेंगदाणे हवेतच, फोडणीचं तेल माणशी एक चमचा.

फुणके हे तर मधुमेहाचं तयार पथ्य आहे: भिजवलेली तूरडाळ जाडसर वाटून, मेथी किंवा कांद्याची पात घालून वाफवायचं, कढीबरोबर खायचं. वाफवल्यावर तेलात परतायचा मोह तेवढा टाळा.

---

गिरणाकाठ

ताई, केयाचं सांगा ना. रावेर-यावलच्या माणसाला केळी सोडा म्हणणं म्हणजे…

---

मेहरूणची बोर

सोडू नका, मोजा. मध्यम केळ्यात सोलल्यावर २५ ग्रॅमच्या आसपास पिष्ट असतं, म्हणजे अर्ध्या भाकरीहून जास्त. साल पिवळी, टोक अजून हिरवट, असं केळं निवडा. काळे ठिपके पडलेल्यात पिष्टाची साखर होऊन गेलेली असते. जेवणावर गोड म्हणून नको. चार वाजता अर्धं केळं आणि मूठभर शेंगदाणे चालतील. शिकरण नको. साबुदाण्याच्या उपासाला मात्र माझ्याकडे काही तोडगा नाही. तो निव्वळ पिष्ट आहे, त्या दिवशी भगर कमी, शेंगदाणे आणि ताक जास्त.

---

आखाजी

दोन प्रश्न. एक, खोबरेल तेल आणि तुपाने एचडीएल वाढतं असे व्हॉट्सअ‍ॅपवर दाखले येतात. दोन, रोज थोडी दारू घेतली तर एचडीएल वाढतं म्हणतात.

---

तुराटी

एक: वाढतं, आणि सोबत एलडीएलही वाढतं. पुढारी आला तर मागे त्याची माणसंही येतात. तूप वरण-भातावर चमचाभर, बस.

दोन: हेही वाढतं. पण ट्रायग्लिसराइडही वाढतं, यकृतात चरबी साचते, आणि ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिनवरचा माणूस रिकाम्या पोटी पिऊन झोपला तर रात्री साखर धोकादायक उतरते. घरचे नशा समजतात आणि झोपू देतात. मोहाची असो की बाटलीतली. एचडीएलच्या नावाखाली ही परवानगी मागू नका.

त्यापेक्षा बिडी-तंबाखूचं विचारा. सिगारेट-बिडी सोडल्याने एचडीएल सरासरी ४ मिलिग्रॅम वाढतं. गोळीशिवाय एवढं मिळत असेल तर ते आधी घ्यावं.

---

कळण्याची भाकर

व्यायामाचे आकडेही वास्तव ठेवा. नियमित चालण्या-धावण्याने एचडीएल सरासरी अडीच मिलिग्रॅम वाढतं, तेही आठवड्याला किमान १२० मिनिटं झाली तर. दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांपेक्षा एका बैठकीत ३०-४० मिनिटं एचडीएलला जास्त मानवतात. साखरेचं गणित वेगळं: जेवणानंतर १०-१५ मिनिटं चाललं तरी त्या जेवणाची साखर कमी चढते, कारण हलता स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढतो. म्हणून दोन्ही करा. उन्हाळ्यात सकाळी साडेपाच-सहाला मोठी फेरी, दुपारी घरातल्या घरात, रात्री जेवणानंतर गल्लीत.

औषधांबद्दल: अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारख्या रक्तदाबाच्या जुन्या गोळ्या एचडीएल थोडं उतरवतात. जिममधली ताकदीची इंजेक्शनं तर भुईसपाट करतात. तिशीतल्या पैलवानाचं एचडीएल १८ आलं तर पहिला प्रश्न हाच. पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचं औषध एचडीएल वाढवतं, साखर उतरवतं, पण पाणी धरतं, म्हणून हृदय कमजोर असणाऱ्याला देत नाहीत. यातली कुठलीही गोळी धागा वाचून स्वतः बंद-चालू करू नका.

---

आखाजी

कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनने मधुमेह होतो म्हणून ती बंद करणारेही आहेत.

---

तुराटी

जोखीम थोडी वाढते हे खरं. ९१,१४० लोकांच्या १३ चाचण्या एकत्र केल्या तेव्हा (२०१०) ९ टक्के वाढ दिसली: २५५ जणांनी चार वर्षं गोळी घेतली तर मधुमेहाची एक केस जास्त. तेवढ्याच काळात टळणारे हृदयाचे झटके त्याहून बरेच जास्त. बंद करू नका.

आणि ट्रायग्लिसराइड उतरवणाऱ्या फायब्रेटचा मोहही आवरा. ५,५१८ मधुमेहींवर स्टॅटिनसोबत फेनोफायब्रेट दिलं (२०१०), एकूणात फायदा नाही. ट्रायग्लिसराइड २०४ च्या वर आणि एचडीएल ३४ च्या आत असलेल्यांत थोडी आशा दिसली होती. बरोबर आपल्या नमुन्यातला माणूस. मग तसेच रुग्ण निवडून पेमाफायब्रेटची चाचणी झाली (२०२२, १०,४९७ मधुमेही). ट्रायग्लिसराइड २६ टक्क्यांनी उतरलं, झटके तेवढेच. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असेल तेव्हा स्वादुपिंडाला सूज येऊ नये म्हणून ही गोळी लागते, ती वेगळी गोष्ट.

---

गिरणाकाठ

समजा त्या नमुन्यातल्या माणसाने सगळं केलं. दोन महिन्यांत चार किलो उतरले, ट्रायग्लिसराइड १५८. पण एचडीएल ३४ चं ३२! मग हे सगळं करून काय मिळालं?

---

कळण्याची भाकर

हा प्रश्न विचारलात ते बरं केलं, इथेच बरेच जण हात टेकतात. वजन उतरत असताना एचडीएल थोडं खालीच जातं. वजन स्थिर झाल्यावर ते वर येतं, उतरलेल्या किलोमागे साधारण ०.३५ मिलिग्रॅम. चार किलोला दीड-एक मिलिग्रॅम, यापेक्षा मोठी आशा धरू नका. भागाकार बघा: ६.९ वरून ४.९ वर आला. कंबर फासळी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेपने मोजा. पँटचा पट्टा जिथे बसतो तिथे नाही. उपाशीपोटीची साखर १०० च्या आत यायला लागली का बघा. वजन दोन-तीन महिने एका जागी राहिलं की मग एचडीएल तपासा, त्याच लॅबमध्ये.

---

लॅब टेबल

आणि ३४ चं ३२ हा मशीनचाच फरक असू शकतो. दोन मिलिग्रॅमवर रडू नका.